मानाचा त्रिकोण

न्यायाची भूक ही माणसाची सर्वांत जुनी भूक आहे.

हे वाक्य मी आमच्या मंडळाच्या पूल स्पर्धेच्या नियमावलीसाठी लिहिलं होतं. लिहितानाच ते खरं नाही हे मला माहीत होतं, कारण मंडळाच्या सभासदांना मी पंगतीत बसलेलं पाहिलं होतं. पण अध्यक्षांना ते फार आवडलं. त्यांनी ते हॉलमधल्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहवून घेतलं, भोवती वेलबुट्टी काढवली, आणि त्या वाक्याखाली मी जे नियम लिहिले होते त्यांतला मुख्य नियम बदलून टाकला. त्या बदलामुळे बेंगळुराजवळच्या आनेकलच्या एका माणसाची नोकरी टांगणीला लागली.

नव्वदच्या दशकात बेंगळुरात पूलची, म्हणजे छोट्या बिलियर्ड्सची, साथ आली होती. कँटोन्मेंटच्या बाजूला जिकडे पाहावं तिकडे पूल पार्लर उघडली होती. त्यातलं एक बंद पडलं, तेव्हा आमच्या अध्यक्षांनी त्याचं टेबल मंडळासाठी घेतलं. तरुण पिढी मंडळाकडे वळावी हा हेतू. चामराजपेटेत खाली दुकानं आणि वर आमचा हॉल. टेबलाची दगडी फरशी जिन्यातून वर चढवताना इतक्या जणांच्या कमरा धरल्या, की ती परत खाली उतरवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. अशा रीतीनं पूल हा आमच्या मंडळाचा कायमचा खेळ झाला.

आमच्यातली बरीच घरं तीनेकशे वर्षांपासून या भागात आहेत. घरात मराठी, दारात कन्नड. 'आपल्याकडे असं करत नाहीत' असं म्हणताना हात उत्तरेकडे जातो, पण तिकडे ओळखीचं कुणी उरलेलं नाही. एवढ्या काळात लग्नं आपापसांतच होत गेल्यामुळे मंडळात प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. अध्यक्षांना सगळे मामा म्हणत. ते खरोखरच निम्म्या लोकांचे मामा होते.

हॉल एकच. त्यामुळे हळदीकुंकू, बारसं, शोकसभा, सगळं त्या टेबलाभोवतीच व्हायचं. जेवण असलं की टेबलावर फळ्या टाकायच्या, वर चादर, आणि त्यावर वाढपाची भांडी. मामांच्या नातवाच्या बारशाला फळ्यांच्या फटीतून बिसीबेळे भात झिरपला आणि हिरव्या कापडावर, एका कोपऱ्याच्या पॉकेटजवळ, तळहाताएवढा पिवळा डाग कायमचा बसला. कापड तिथं थोडं ताठरलं होतं. जोरात मारलेला बॉल त्यावरून सरळ जायचा. हळू मारलेला मात्र तिथं पोचला की विचारात पडायचा.

खेळ साधा होता. नऊ आकडेवाले बॉल. ते एका लाकडी त्रिकोणी चौकटीच्या आधारानं टेबलाच्या एका टोकाला शंकरपाळ्याच्या आकारात घट्ट मांडायचे, चौकट उचलायची, आणि दुसऱ्या टोकाकडून पांढऱ्या बॉलनं त्यांना फोडायचं. हा ब्रेक. ब्रेकमध्ये एखादा बॉल पॉकेटमध्ये गेला तर तोच पुढे खेळतो, नाही गेला तर पाळी समोरच्याची. टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याला आधी मारायचं, आणि नवाचा बॉल जो घालवेल त्याचा डाव. मेख मांडणीत असते. बॉल एकमेकांना चिकटून बसले असतील तर ब्रेकला ते फटाक्यासारखे उडतात, एखादा तरी पडतोच. पण पुढच्या बॉलमागे केसाएवढी फट राहिली, तर मार तिथंच जिरतो आणि बॉल नुसते जागच्या जागी कूस बदलतात.

आमच्या मंडळात प्रथा अशी होती, की हरलेल्यानं जिंकलेल्यासाठी बॉल मांडायचे आणि जिंकलेल्यानं ब्रेक करायचा. हरलेल्यानं वाकावं, यात मामांना संस्कार दिसत. अडचण एकच होती. मामांचे जावई.

जावई पुण्याचे. सॉफ्टवेअरमध्ये, उंच, बोलायला फटकळ, आणि खेळायला खरोखर चांगले. त्यांचा ब्रेक मंडळात प्रसिद्ध होता. पण डाव हरले तर प्रथेप्रमाणे त्यांनी वाकून बॉल मांडायला हवेत, आणि जावयाला वाकायला लावायचं म्हणजे काय! म्हणून मामा स्वतः उठत. कोट, काळी टोपी. बॉल मांडत आणि नैवेद्यावरचं झाकण उचलावं तसा दोन्ही हातांनी त्रिकोण वर उचलत. त्या उचलण्यात पुढचा बॉल किंचित सरकायचा. म्हणजे जावई हरले की समोरच्याच्या ब्रेकला फट, आणि जावई जिंकले की समोरचा सभासद मामांच्या जावयासाठी जीव ओतून घट्ट मांडणार. जावई दोन वर्षं विजेते होते.

दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हरला तो आनेकलचा. वयानं माझ्याहून लहान, आमच्यातल्याच जुन्या घरातला. एका कारखान्यात लेथवर होता, वर्षानुवर्षं टेंपररी. बोलण्यात निम्मं कन्नड. मला अण्णा म्हणायचा, कारण मी स्पर्धेचा चिटणीस होतो. मी चिटणीस होतो, कारण मंडळात पुस्तकं वाचणारा म्हणून माझी बदनामी होती आणि नोटिसा कुणीतरी लिहायला हव्या होत्या.

त्या वर्षी तो माझ्या विम्याच्या ऑफिसात आला. उभाच राहिला.

"अण्णा, राज्याच्या निवड स्पर्धेत यंदा पूल आहे म्हणे."

"आहे. प्रत्येक मंडळानं एक माणूस पाठवायचा, म्हणजे आपला विजेता."

"आमच्या कारखान्यात खेळाडूंच्या जागा आहेत. साहेब म्हणाले, निवड स्पर्धेत नाव लाव, मी तुला पर्मनंट करायला फाइल वर पाठवतो. नाही तर या महिनाअखेर टेंपररीवाल्यांना कमी करणार आहेत. माझं नाव वरतीच आहे."

मी त्याला बस म्हटलं. तो बसला नाही.

"मला जिंकवू नका अण्णा. बॉल तेवढे सरी लावा." सरी म्हणजे नीट.

मी बसून चार नियम लिहिले. पहिला ब्रेक कुणाचा हे नाणं उडवून नव्हे, तर दोघांनी एकाच वेळी बॉल पलीकडच्या कडेला मारून परत आणायचा आणि ज्याचा अलीकडच्या कडेला जास्त जवळ थांबेल त्याचा. त्यानंतर कुणीही जिंको, ब्रेक आळीपाळीनं. दोघांसाठीही बॉल एका तटस्थ, तिसऱ्या माणसानं मांडायचे. आणि ज्याचा ब्रेक त्याला मांडणी जवळून बघायचा आणि पसंत नसेल तर पुन्हा मांडायला सांगायचा हक्क. वर ते भुकेचं वाक्य घातलं, कारण मामांना वरचं वाक्य आवडलं की खालचं ते फारसं वाचत नसत असा माझा अनुभव होता. या वेळी त्यांनी वाचलं.

"तिसरा माणूस म्हणजे कोण?" कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी विचारलं.

"ज्याचं दोघांपैकी कुणाशी नातं नाही, असा कुणीही."

"मी मांडतो," खजिनदार म्हणाले.

"तुमची धाकटी सून मामांच्या मुलीची मामेबहीण ना हो?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"मग तुम्ही मांडा."

"मी कसा? आनेकलवाला माझ्या मेव्हण्याच्या साडूचा पुतण्या."

"तो कसा काय?"

"ते घरी हिला विचारावं लागेल. पण आहे."

"मग चिटणीसच मांडू देत."

"चिटणिसांची आत्या आनेकलात दिली होती," उपाध्यक्ष म्हणाले. ही गोष्ट मी स्वतः विसरलो होतो.

भटजींचं नाव निघालं, पण ते सगळ्यांकडेच जेवत. खालच्या भांड्यांच्या दुकानदाराचं नाव मी सुचवलं, कारण तो मारवाडी होता आणि आमच्यातल्या कुणाचाही साडू असणं शक्य नव्हतं.

"मंडळाच्या स्पर्धेत बाहेरचा माणूस बॉल मांडणार," खजिनदार म्हणाले, "आणि आम्ही काय, टाळ्या वाजवायच्या?"

मग मामा उभे राहिले. ते उभे राहिले की पंखा बंद करायची पद्धत होती; आवाज नीट पोचावा म्हणून. कुणीतरी पंखा बंद केला.

"अध्यक्ष हा कुणाचाच नसतो," मामा म्हणाले. "खुर्चीला नातं नाही. दोन्ही बाजूंचे बॉल मी मांडीन. सासरा म्हणून नाही, अध्यक्ष म्हणून मांडीन."

टाळ्या झाल्या. मी तिसऱ्या नियमात 'तटस्थ व्यक्ती' खोडून 'मा. अध्यक्ष' लिहिलं. पंखा परत सुरू झाला.

आता सगळा भार चौथ्या नियमावर होता. आनेकलवाल्याला मी तो दोनदा वाचून दाखवला. फट दिसली की सांगायचं, पुन्हा मांडा. हक्क आहे तुझा.

"रूल सरी आहे अण्णा," तो म्हणाला. "पण मामांना सांगायचं कसं?"

हा प्रश्न नियम लिहिताना माझ्या डोक्यातच आला नव्हता. सत्तरीच्या पुढचा माणूस, कोटटोपी घालून, सगळ्या हॉलसमोर दोन्ही हातांनी त्रिकोण उचलतो, आणि लेथवरचा पोरगा त्याला म्हणणार, मामा, नीट जमलं नाही, परत करा. पुस्तकातून उतरवून काढलेला नियम होता तो. ज्या देशात लोक वडिलांना नावानं हाक मारतात त्या देशात तो चालत असावा.

स्पर्धा अधिक महिन्यात ठेवली होती, तीही मामांच्या सोयीनं. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, आणि तो काही मागेल तर नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. लेकीचं घर जयनगरात, माहेर हॉलच्या मागच्या गल्लीत. रविवारी सकाळी वाण, दुपारी जेवण, जेवणानंतर अंतिम सामना, असा कार्यक्रम मामांनी छापून घेतला होता. त्यात जावयांचं नाव अंतिम सामन्यात आधीच धरलेलं होतं. ते तिथवर पोचलेही.

आधीच्या फेऱ्यांत मी मामांच्या हातांकडे बघत होतो, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जावयांचा ब्रेक असला की मामा कोटाच्या खिशातून चष्मा काढत, तो नाकावर ठेवत, बॉल बोटांनी दाबून दाबून बसवत, आणि मग त्रिकोण उचलत. इतरांच्या ब्रेकला चष्मा खिशातच राहायचा. लबाडी म्हणावी तर ती इतकी उघड कुणी करत नाही. मला वाटतं, जावयाचं काम म्हटलं की ते नीट व्हायला हवं, आणि नीट करायचं तर चष्मा लागतो, एवढाच विचार त्यामागे होता. बाकीच्यांसाठी चष्मा काढावा असं त्यांच्या मनातच येत नसे. परिणाम मात्र सारखाच होता. ज्यांच्या ब्रेकला फट राहिली त्यांतल्या एकानंही पुन्हा मांडायला सांगितलं नाही. एक जण फक्त म्हणाला, "छान." आणि हरला.

अंतिम सामना. सात डाव आधी जिंकेल तो विजेता. हॉल भरलेला, अनारशांचा वास, बायका मागच्या बाकांवर. मामांच्या पत्नींना सगळे अक्का म्हणत; त्या मधोमध, मांडीवर नातू. टेबलाला हळदकुंकू लागलं, पायाशी नारळ फुटला, मामांनी भुकेचं वाक्य म्हटलं. आत्ताच जेवून उठलेल्या लोकांनी माना डोलावल्या.

पहिला ब्रेक आनेकलवाल्यानं मिळवला. त्याचा बॉल अलीकडच्या कडेला जवळजवळ टेकला. मामांनी बॉल मांडले, चष्म्याशिवाय. फट मला चिटणिसाच्या टेबलावरून दिसत होती. त्यालाही दिसली. तो वाकला, बघितलं, आणि सरळ झाला. माझ्याकडे पाहिलं. मी खाकरलो.

"मामा, स्वल्प..." तो म्हणाला.

"काय?"

"पाणी हवं का?"

"नको," मामा म्हणाले. "चालू द्या."

ब्रेकला काही पडलं नाही. जावयांनी डाव घेतला.

पुढे तसंच चाललं. जावयांच्या ब्रेकला बॉल उडायचे, एखादा पडायचा, ते पुढे खेळायचे. आनेकलवाल्याच्या ब्रेकला गोळा जागच्या जागी, आणि पाळी जावयांची. तरीही तो टिकून होता, कारण जावई मधूनच एखादा सोपा बॉल घाईनं चुकवत आणि त्यानंतर तो त्यांना परत उठू देत नसे. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. दर डावानंतर तो फळ्यावरच्या आकड्याकडे बघायचा, माझ्याकडे नाही. जावई सहा, तो चार. अजून एक डाव गेला की महिनाअखेर आली.

अकरावा डाव. ब्रेक त्याचा. मामांनी बॉल मांडले, त्रिकोण उचलला, मागे सरकले. तो वाकला, बघितलं, आणि नेहमीसारखा सरळ झाला. क्यूच्या, म्हणजे मारायच्या काठीच्या, टोकाला खडू लावायला लागला. बराच वेळ लावत राहिला.

जावई आपल्या खुर्चीवरून उठले. त्यांची पाळी नव्हती. ते टेबलाच्या त्या टोकाशी गेले, वाकले, एक डोळा मिटला.

"बाबा, फट आहे."

कुणीतरी पंखा बंद केला.

"कुठे?" मामा म्हणाले.

"पहिल्याच्या मागे. ही काय."

"जावईबापू, हा ब्रेक तुमचा नाही."

"म्हणूनच सांगतोय. माझा असता तर नसती ना."

 जावयांच्या बायकोनं मान खाली घातली. मामांनी पुन्हा बॉल मांडले. पुन्हा दोन्ही हातांनी त्रिकोण उचलला. पुढचा बॉल पुन्हा सरकला.

"अजून आहे," जावई म्हणाले.

"दिसत नाही मला."

"चष्मा लावा ना मग. माझ्या वेळी लावता तसा."

मामांचा हात कोटाच्या खिशापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. आता चष्मा काढला तर तो इतका वेळ का काढला नव्हता, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. त्यांनी हात खाली घेतला. आनेकलवाला एकदम म्हणाला, "असू दे मामा, असू दे. सरी आहे. मी मारतो," आणि क्यू घेऊन पुढे झाला. नोकरी जात होती तरी त्याला मामांची लाज राखायची होती. मला त्याचा राग आला.

"थांब रे," जावई त्याला म्हणाले, आणि मग मामांकडे वळले. आवाज एकदम गोड झाला. पुण्याच्या माणसाचा आवाज असा गोड झाला की जपून राहावं. "बाबा, वाण राहिलंय माझं."

"राहिलंय? सकाळी तर..."

"अनारसे मिळाले. पण तुम्ही विचारलं होतंत, अजून काय हवं. मी म्हटलं होतं, नंतर सांगतो. आता सांगतो. हा त्रिकोण द्या मला."

 फळ्यावरच्या वाक्यानं त्यांना कधी अडवलं नव्हतं, माझ्या नियमांनी तर नाहीच. पण अधिक महिना होता, जावई मागत होता, आणि सगळं मंडळ साक्षीला बसलेलं होतं.

अक्कांनी नातवाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. "देऊन टाका हो," त्या म्हणाल्या. "लाकडाचाच तर आहे. सोन्याचा मागितला नाही."

कुणीतरी हसलं. मामांनी त्रिकोण दोन्ही हातांनी उचलला, आणि जावयांच्या ओंजळीत ठेवला. अक्कांनी जागेवरूनच "कुंकू लावा त्याला," म्हटलं. तेही झालं.

"आता हा माझा," जावई म्हणाले, "आणि माझी वस्तू मी कुणालाही देईन. ज्याचा ब्रेक त्यानं मांडायचं." त्यांनी त्रिकोण आनेकलवाल्याला दिला. "चिटणीस, चालेल ना? फेअर आहे?"

नियमात तसं कुठंही नव्हतं. मी चालेल म्हटलं.

त्यानं मांडले. वाकून बघितलं, पुन्हा मांडले. मग ब्रेक केला, आणि तीन अंतिम सामन्यांत पहिल्यांदा त्याच्या ब्रेकला बॉल उडालेले आम्ही पाहिले. डाव त्याचा. सहा-पाच.

बाराव्याला ब्रेक जावयांचा. म्हणजे मांडायचंही त्यांनीच. मंडळाच्या इतिहासात जावई पहिल्यांदा बॉल मांडायला वाकले. मामा भिंतीकडे बघत होते. जावयांना मांडणं येत नव्हतं. आजवर कधी मांडावंच लागलं नव्हतं. त्यांनी बॉल ढकलले, त्रिकोण उचलला, पलीकडे गेले आणि नेहमीच्या जोरानं मारलं. काहीही पडलं नाही. बॉल जागच्या जागी हलले, बस. ते टेबलाकडे बघत उभे राहिले. आपला प्रसिद्ध ब्रेक अर्धा इतरांच्या हातांत होता, हे त्यांना तिथं कळलं असावं, कारण खुर्चीवर जाताना त्यांनी मला विचारलं, "ॲक्च्युअली, नेहमी असंच होतं का? म्हणजे, बाकीच्यांचं?" मी हो म्हटलं. "सांगितलं नाहीत कधी," ते म्हणाले.

सहा-सहा.

तेराव्याचा ब्रेक आनेकलवाल्याचा. एक बॉल पडला. तो एकेक घेत गेला. सात पडला, पण पांढरा बॉल परतताना त्या पिवळ्या डागावर आला, विचारात पडला, आणि नको तिथं थांबला. आठाला नीट मारायला वाटच राहिली नाही. त्यानं आठाला नुसता स्पर्श करून तो लांब ढकलला आणि बाजूला झाला. क्यू उभा धरून त्याला टेकला, डोळे मिटले.

जावई उठले. आठ त्यांनी लांबून घातला. सुंदर घातला, हॉलमध्ये कुणाला ओरडायचंही सुचलं नाही. राहिला नऊ. कडेला लागून, कोपऱ्याच्या पॉकेटच्या रेषेत, आणि वाटेत डाग.

ते सोडून देणार नव्हते.  त्रिकोण दिला म्हणून सामना द्यायचा, असल्या भानगडीतला तो माणूस नव्हता. जोरात मारला असता तर नऊ पॉकेटच्या ओठांवर आपटून बाहेर आला असता, म्हणून त्यांनी हळू मारला, अगदी बरोबर मारला. नऊ कडेनं सरळ चालत गेला, डागावर आला, एवढासा वळला, ओठाला लागला आणि तोंडाशी थांबला. अक्कांच्या मांडीवर नातू होता. डाग त्याच्याच बारशाचा.

आनेकलवाल्यानं डोळे उघडले. मग त्यानं तो बॉल घातला. इतक्या जवळून लहान मूलही घालतं, पण पांढऱ्यामागे उभं राहायला त्यानं फार वेळ घेतला.

बक्षीस मामांनीच दिलं. भाषणही केलं, भुकेच्या वाक्यानं सुरू आणि त्याच वाक्यानं शेवट. त्यांना नक्की काय कळलं आणि काय नाही, हे मी सांगू शकत नाही. अनारसे वाटताना अक्का मला म्हणाल्या, "ते म्हणतात, जावयानं हौसेनं मागितला. तसंच राहू दे." त्रिकोण वाण असल्यामुळे जयनगरला गेला तो परत आला नाही. मंडळानं दुसरा केला, आणि तेव्हापासून ज्याचा ब्रेक तो मांडतो. हे फळ्यावर कधीच लिहिलं गेलं नाही. फळ्यावर वाक्य आहे.

आनेकलवाला निवड स्पर्धेला गेला आणि पहिल्याच फेरीत हरला. तिथं हरलेल्यानं जिंकलेल्यासाठी बॉल मांडायची पद्धत होती. पण यादीत नाव लागलं होतं आणि साहेबांना तेवढंच हवं होतं. महिनाअखेरीच्या आत फाइल वर गेली. फक्त कारखान्याच्या खेळांच्या यादीत पूल हा खेळ नव्हता, म्हणून त्याच्या नावापुढे कॅरम लिहिलं. तो पर्मनंट झाला, आणि दर वर्षी कारखान्याकडून कॅरम खेळतो. कॅरम त्याला येत नाही.